चर्च पार्टीचा कमांडर

एकाहत्तरच्या लढाईच्या आदल्या वर्षी माझी पोस्टिंग जबलपूरला झाली. म्हणजे घरीच. माझा जन्म गोहलपूरचा, वडील फॅक्टरीत टर्नर, तोफेचे गोळे घडवायचे. मी सिग्नल्समध्ये हवालदार होतो. आईला वाटलं देवीनं गाऱ्हाणं ऐकलं. मला वाटलं, चलो, आता मेसच्या डाळीपासून रविवारपुरती तरी सुटका.

रविवारही हातचा गेला. पहिल्याच आठवड्यात सुभेदारसाहेबांनी बोलावलं. ते गढवालचे, मिशा भरघोस, शब्द मोजके.

"गुल्हाने, हर इतवार चर्च पार्टी तुम ले जाओगे."

"साहब, मैं तो हिंदू हूँ."

"मैंने पूछा क्या?"

नागरिकांना हे विचित्र वाटेल, म्हणून सांगतो. फौजेत जवानाचा जो देव, तो त्याच्या कमांडरचाही. गुरुद्वारा परेडला सगळे डोकं झाकून जातात, मंदिर परेडला सगळे टाळ्या वाजवतात. बाहेर हाताची घडी घालून उभं राहायची सोय नाही. आमच्या युनिटात ख्रिस्ती जवान चारच होते आणि पाद्री नव्हता. म्हणून त्यांना सिव्हिल लाइन्समधल्या चर्चमध्ये न्यायचं, प्रार्थनेला बसायचं आणि परत आणायचं. त्या कामाचा कमांडर मी.

पहिल्या रविवारी पार्टी फॉल-इन झाली. रांचीकडचा कुजूर, त्याचा गाववाला, एक मल्याळी ऑपरेटर आणि चौथा लान्स नायक यशवंत साळवे. साळवेला पाहून मी म्हटलं, "तू काहून उभा? मंगळवारच्या आरतीत तर तू सगळ्यात पुढं असतोस."

"आरतीला हलवा असतो, हवालदारसाहेब," तो म्हणाला. "मी नगरकडचा ख्रिस्ती आहे. नाव बघून कुणी विचारत नाही, मग मीही सांगत नाही."

युनिटात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्यामुळे त्याच्यावर माझा जीव होता. पण त्या दिवशी मी कमांडर होतो. चर्चच्या दारात मी पार्टी थांबवली आणि हुकूम दिला, बूट उतारो.

साळवे हळूच म्हणाला, "साहेब, इथं बूट घालून जातात."

"देवाच्या दारात? गप."

पाचही जणांचे बूट ओळीत लागले, टाचेला टाच. आम्ही मोज्यांवर आत गेलो. कुजूरच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. रेल्वेतल्या एका रिटायर गार्डची बायको त्या अंगठ्याकडे पूर्ण प्रार्थनाभर पाहत होती. लाज मला वाटून राहिली होती, कुजूरला बिलकुल नाही.

पुढची गडबडही माझीच. लोक उभे राहत, बसत, गुडघे टेकत, आणि त्याचा हुकूम कोण देतं ते काही कळेना. फौजी माणसाला हुकमाशिवाय हलता येत नाही. सगळे उभे होते, पाद्रीसाहेब काहीतरी वाचत होते, ते संपलं असं समजून मी आपल्या परेडच्या आवाजात बोललो, "चर्च पार्टी, बैठ जा." पार्टी बसली. पार्टीबरोबर अख्खं चर्च बसलं. पाद्रीसाहेब एकटेच उभे राहिले, पुस्तकात बोट ठेवून.

शेवटी माणसं पुढं जाऊन रांग लावू लागली. रांग दिसली की फौजी उभा राहतो, मीही राहिलो. पाद्रीसाहेब प्रत्येकाला भाकरीचा तुकडा देत होते. माझ्यापाशी आले, थांबले, आणि तुकडा न देता माझ्या डोक्यावर हात ठेवून काही पुटपुटले.

बाहेर आल्यावर मी साळवेला विचारलं, "मले काहून नाही दिलं?"

"तुमचा बाप्तिस्मा नाही झालेला."

"म्हणजे रेशन कार्ड नाही."

"तसंच समजा. पण हात ठेवला ना, तो आशीर्वाद. तो कार्डाशिवाय मिळतो."

मी रागावलो नव्हतो. उलट मला ते आवडलं. न देताही रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही.

पाद्रीसाहेब दक्षिणेकडचे, म्हातारे, हिंदी त्यांची स्वतःची. मी माफी मागायला गेलो तर म्हणाले, "हवलदार जी, हमारी पुरानी कहानी में एक गड़रिये को भगवान ने बोला था, जूता उतारो, यह जमीन पवित्र है. आपने ठीक किया. हम लोग भूल गया." पुढच्या रविवारी मी पार्टीला बूट घालूनच नेलं. पण मोजे तपासून.

प्रार्थना संपली की साळवेला मी घरी जेवायला नेऊ लागलो. आईचं तोंड आधी वाकडं झालं. त्याच्यामुळे नाही, माझ्यामुळे. "दर रविवारी जाऊन राहिला तिथं. बाटणार तर नाहीस?" मी म्हटलं, आई, ड्यूटी आहे. ड्यूटी म्हटलं की ती गप्प बसायची, वडिलांच्या फॅक्टरीनं तिला तेवढं शिकवलं होतं.

साळवे ताटावर बसला की डोळे मिटायचा. आई पातोडीच्या रश्शाची वाटी घेऊन उभी. "तुझ्या देवाला सांग, भाजी निवून राहिली." तो हसून डोळे उघडायचा. मग हिचे प्रश्न सुरू.

"तुमच्यात उपास असतात का रे?"

"असतात, आई. सणाआधी चाळीस दिवस."

चाळीस ऐकून आई खाली बसली. तिच्या सगळ्या चतुर्थ्या आणि एकादश्या एका झटक्यात मोडीत निघाल्यासारखं तिला वाटलं असावं. "साबुदाणा चालते का त्यात?" साळवे प्रामाणिक माणूस, म्हणाला, "आमच्याकडं विचारलंच नाही कुणी. पण चालत असेल." त्या दिवसापासून आईच्या मनातलं वाकडं गेलं. चाळीस दिवस उपास करणाऱ्यांच्या संगतीत पोरगा कसा बिघडेल, हा तिचा हिशेब.

एकदा ती म्हणाली, तू काय पुटपुटतोस ते मोठ्यानं म्हण, आम्हालाही कळू दे. त्यानं प्रभूची प्रार्थना म्हटली, मराठीत. जबलपूरच्या चर्चमध्ये प्रार्थना इंग्रजीत आणि हिंदीत व्हायची. घर सोडल्यापासून साळवेनं ती दुसऱ्याच्या तोंडून मराठीत ऐकली नव्हती, हे त्यानंच सांगितलं, आणि सांगताना ताटाकडं पाहत होता.

आई म्हणाली, "छान आहे. पण सगळं मागणंच आहे. नैवेद्य काहून नाही दाखवत?"

"आमच्याकडं आधी तोच देतो, आई."

"अच्छा. मग सोपं आहे."

वडिलांना मात्र ते सोपं वाटलं नाही. ते ओव्हरटाइम करून आले होते, नखांत काळं ग्रीस. म्हणाले, "त्यात अपराध्यांना माफ करतो असं काही होतं ना?"

"होतं, काका."

"मग मी दिवसभर गोळे घडवून राहिलो, ते कोणासाठी?"

मला वाटलं साळवे काहीतरी पाठ केलेलं उत्तर देईल. तो म्हणाला, "काका, मलाही ते पुरतं कळलेलं नाही. मी वर्दीत आहे आणि रोज हे म्हणतो. रोज विचारात पडतो."

वडिलांनी रश्शात पोळी चुरली. मग म्हणाले, "तुझा देव आमच्या फोरमनसारखा दिसून राहिला. काम कठीण देतो, आणि कसं करायचं ते सांगत नाही." साळवे इतका हसला की त्याला ठसका लागला. आईनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

त्यानं मला ती प्रार्थना शिकवली. मी ख्रिस्ती झालो नाही, तसं त्यानं एकदाही सुचवलं नाही. त्याला सोबत म्हणायला कोणी मराठी माणूस हवा होता, एवढंच. गाडीतून येता-जाता आम्ही दोघं म्हणायचो. पाठ करताना मला मजा वाटायची, पण काही दिवसांनी ती म्हटल्याशिवाय रविवार पुरा वाटेना. हे आईला मी सांगितलं नाही.

मग युनिट हललं. फौजेच्या स्पेशल रेल्वेगाडीत, पंजाबच्या वाटेवर, साळवे माझ्या शेजारी खोक्यावर बसला होता. म्हणाला, "हवालदारसाहेब, एक काम सांगतो. माझं काही बरंवाईट झालं तर मला पुरा. नाव बघून हे लोक हमखास लाकडं आणतील. आणि आपली प्रार्थना मराठीत म्हणा."

"कुजूर म्हणेल हिंदीत. देवाला कळत नाही का?"

"देवाला कोणतीही चालते. मला घरची लागते."

मी त्याला शिवी दिली आणि तोंड फिरवून आडवा झालो. झोप आली नाही.

आमचं काम टेलिफोनच्या लाइनी चालू ठेवण्याचं. शेतांत मोहरी फुलली होती, तिच्यातून केबल गेलेली. लढाई लागल्यावर एका सकाळी शेलिंग झालं आणि पुढच्या कंपनीची लाइन मेली. फोनवर सीओसाहेबांचा, म्हणजे आमच्या कमांडिंग ऑफिसरचा, आवाज आला.

"लाइनमन भेजो."

"भेजता हूँ, सर."

पाळी साळवेची होती. तो केबलचं रीळ घेऊन रांगत गेला. मी एक्स्चेंजवर कानाला रिसीव्हर लावून बसलो. बऱ्याच वेळानं खरखर झाली.

"टेस्टिंग. आवाज आ रही है?"

"आ रही है. साळवे, उभा राहू नको. रांगतच ये."

"हो. लाइन झाली, साहेब."

नंतर गोळा पडला. साळवे परत आला नाही. लाइन मात्र चालू होती. त्याच लाइनीवर दिवसभर हुकूम गेले.

त्याला आणलं तेव्हा सुभेदारसाहेबांनी लाकडं गोळा करायला माणसं पाठवली. मी सावधान उभा राहिलो.

"साहब, लकड़ी नहीं. फावड़ा."

"क्यों?"

"क्रिश्चन है, साहब. दफनाना है."

"पागल हो गया क्या? हर मंगल को आरती में सबसे आगे ताली बजाता था."

"वह हलवे के लिए, साहब."

चर्च पार्टीत कोण कोण जातं, ते सुभेदारसाहेबांनी कधी पाहिलंच नव्हतं. मग त्यांच्या मिशा हलल्या, आणि ते हसले. हसता हसता रडायला लागले. तोवर मी त्यांना ना हसताना पाहिलं होतं, ना रडताना.

खड्डा आम्हीच खणला. साहेब कुजूरला म्हणाले, "चल, प्रार्थना बोल." कुजूरनं हिंदीत केली, चांगली केली. मग म्हणाला, "उसको मराठी में चाहिए था, साहब. हवलदार साहब को आती है."

"तो बोल, गुल्हाने. तू पार्टी कमांडर है."

मी म्हटली. मला हळू आवाजात म्हणताच येईना, परेडचाच आवाज निघाला. शेतापलीकडच्या तोफखान्याच्या पोरांनीही ऐकली असेल. माफीच्या ओळीपाशी वडिलांची आठवण आली आणि मी थांबलो. मग म्हणून टाकली. खरं मनात होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही.

युद्ध संपल्यावर सुट्टी घेऊन मी नगरकडं साळवेच्या गावी गेलो. मनात एकच धाकधूक. मी ना ख्रिस्ती, ना पाद्री. त्याच्या आईला हे चालेल का, की पोराचं शेवटचं कार्य वाया गेलं असं तिला वाटेल?

ती ओट्यावर बाजरी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं. रडली, तोंड धुऊन आली, चहा ठेवला. मग विचारलं, "प्रार्थना कुणी केली?"

"मी, आई."

"तू आमच्यातला?"

"नाही."

"म्हणून दाखव बरं."

मी सवयीनं सावधान उभा राहिलो. ती म्हणाली, बसून म्हण, बाबा. मी बसून म्हटली. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "चुकलास."

"काय चुकलं, आई?"

"भाकरीची ओळ मागून येते. आधी देवाचं राज्य, त्याची इच्छा, मग भाकर. तू भाकर सगळ्यात आधी मागितलीस."

"मला यशवंतानं अशीच शिकवली."

"ठाऊक आहे." तिनं बाजरीत पुन्हा हात घातला. "दुष्काळाचं साल होतं. एवढासा होता. डोळे मिटले की पहिल्यांदा भाकरच मागायचा. त्याच्या बापानं मारलं, पाद्रीबाबांनी समजावलं. ऐकलं नाही. मोठा झाला तरी तशीच. या जगात कुणीच तशी म्हणत नाही, तो सोडून."

ती म्हणाली, "पुन्हा म्हण. तशीच."

मी म्हटली. मग तिनं पुन्हा म्हणायला लावली. शेवटी तीही माझ्याबरोबर म्हणायला लागली. भाकर आधी.