मनगटाचे पैसे

शुद्धलेखन चुकेल, त्याबद्दल माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर वाकडं येतं त्याला शाळेशिवाय आणखी एक कारण आहे, ते पुढे येईल. वही मुलीची उरलेली आहे आणि कुणाला दाखवायची नाही. तरी माफी मागून ठेवते. त्याशिवाय मला कुठे बसायलाही जमत नाही.

आम्ही सांगलीकडचे गलाईवाले. सोनारांचं जुनं सोनं वितळवायचं आणि शुद्ध करून द्यायचं. चेन्नईत जॉर्ज टाउनच्या एका बोळात पुढे भट्टी, मागच्या खोलीत संसार. गलाईच्या दुकानात एक रीत असते. बाहेर पडणाऱ्यानं दाराजवळच्या घंगाळात हात धुवायचे. नखांत सोन्याची पूड बसलेली असते. ते पाणी आम्ही कधी फेकत नाही. तळाला बसलेला गाळ साठवतो आणि वर्षाकाठी वितळवतो, थोडं का होईना सोनं निघतं. नवी नवरी म्हणून आले तेव्हा सासूनं पहिलं हेच शिकवलं, कुणी उठलं की म्हणायचं, हात धुऊन जा.

दुपारी भट्टी थंड असली की मी वाचायची. इथल्या मराठी मंडळात पुस्तकांचं कपाट होतं. बँकेतल्या साहेबांच्या बायका तिथे गप्पा मारत बसायच्या, त्यांच्यासमोरून जायची मला लाज वाटे. किल्ली तंजावरकडच्या एका म्हाताऱ्या मावशींकडे होती. मी नेहमी मुखपृष्ठावर पिस्तूल असलेली पातळ पुस्तकं काढायची.

"दुसरं काही वाच की मा," त्या तमिळ वळणानं म्हणायच्या. "नुसतं रक्तच रक्त."

"ह्यातलं मला समजतं, मावशी."

एक पुस्तक मी चार वेळा नेलं. त्यात सुपारी घेऊन माणसं मारणारा एक जण होता. गळा कापायचा, पण बायकांना आणि मुलांना हात लावायचा नाही. एकदा एका माणसावर सुरा उगारला आणि त्याची बायको मध्ये आली. ह्यानं सुरा जागच्या जागी थांबवला आणि दुसऱ्या दिवशी सुपारीचे पैसे परत केले. ते पान वाचताना मला रडू यायचं. असा माणूस जगात असेल असं मला खरंच वाटायचं.

मुलगी सात वर्षांची होती त्या साली टी. नगरच्या एका व्यापाऱ्यानं साठ ग्रॅम सोनं गाळायला दिलं. नवरा ते पोचवायला बसनं गेला. उतरून बघतो तर पिशवी ब्लेडनं कापलेली आणि सोनं गेलेलं. व्यापाऱ्यानं ऐकून घेतलं नाही. म्हणाला, तूच खाल्लंस, महिन्यात भरून दे. महिना गेला. आम्ही निम्मंसुद्धा जमवलं नव्हतं.

मग एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला व्यापाऱ्यानं धाडलेला एक माणूस आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला विभूती. सोबत दोघे होते, ते दाराशी थांबले. तो तमिळच बोलत होता, मी इथे मराठीत लिहिते.

"अक्का, पोर घरात आहे?"

मी मान हलवली.

"शेजारी पाठवून द्या. मुलांनी बघू नये."

मी मुलीला शेजारी सोडून आले. येताना माझ्या मनात काय आलं ते लिहायला लाज वाटते. मला धीर आला होता. म्हटलं, हा त्या पुस्तकातलाच आहे.

दोघांनी नवऱ्याला खाली बसवून त्याचा उजवा हात ऐरणीवर धरला. त्या हातानं तो सोनं वितळवायची मूस उचलायचा. आमचं पोट त्या बोटांवर होतं. आमचाच हातोडा त्या माणसानं उचलला. तोलून बघितला, भाजी घेताना बघतात तसा.

"तू मधी येऊ नगंस," नवरा म्हणाला.

पहिल्या घावाला करंगळी गेली. आवाज फार बारीक झाला, ओली काटकी मोडावी तसा. नवऱ्याच्या तोंडातून फेस आला. हातोडा परत वर गेला आणि मी धावले. माझा उजवा हात नवऱ्याच्या हातावर ठेवला. तो घाव थांबेल याची मला खात्री होती. पुस्तकात थांबला होता.

थांबला नाही. मनगटाचं हाड कातडीतून वर आलं. मी ते पांढरं हाड बघत राहिले, दुखायला नंतर लागलं.

तो माणूस माझ्यावर चिडला. खरंच चिडला.

"मी बाईला मारत नाही. आजवर मारलं नाही. तू मला मारायला लावलंस."

मग त्यानं मला दंडाला धरून हळूच भिंतीशी नेऊन बसवलं आणि नवऱ्याची राहिलेली दोन बोटं फोडली. तीन सांगितली होती, तीनच फोडली. चौथ्याला हात लावला नाही. ऐरणीवरून रक्त खाली राखेत पडत होतं.

ते तिघे दाराकडे वळले आणि माझ्या तोंडून निघालं, "हात धुऊन जा."

का म्हणाले मला माहीत नाही. दुकानातून कुणी उठलं होतं, एवढंच. नवऱ्यानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. तो माणूसही थबकला. मग घंगाळाशी वाकून त्यानं कोपरापर्यंत हात धुतले, पाणी लाल झालं. खिशातून त्यानं दोन हजार काढून ऐरणीवर ठेवले.

"हे तुमच्या मनगटाचे, अक्का. त्याचे पैसे मी घेतले नव्हते."

जमवलेलं व्यापाऱ्याकडे गेलं होतं, घरात एक रुपया नव्हता. आम्ही दोघं त्याच दोन हजारांवर हाडाच्या डॉक्टरकडे गेलो. माझं मनगट वाकडंच जुळलं.

त्या घंगाळाचा गाळ मी इतर गाळात मिसळला नाही. वाळवून पावडरच्या डब्यात ठेवला. माझे दागिने गेले. नवरा डाव्या हातानं मूस धरायला शिकला आणि तीन वर्षांत साठ ग्रॅम फिटले. दर महिन्याला तोच माणूस वसुलीला यायचा. विचारायचा, "हात कसा आहे, अक्का?" मी हप्ता मोजून पुढे ठेवायची. तो जाताना हात धुवायचा, न सांगता.

त्यानंतर दोनेक वर्षांनी कळलं की बंदराच्या रस्त्यावर त्याला भरदिवसा कोयत्यानं तोडलं. सोळा घाव, असं चहावाला सांगत होता. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. रात्री ते जुनं पुस्तक आठवलं. त्यात पंधरा माणसं मरतात, पण एकाच्याही घरी पुढे काय झालं ते लिहिलेलं नाही. मारणाऱ्याच्या घरचंही नाही.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हटलं, "त्याचे दोन हजार आपल्याकडे राहिलेत."

"त्यानं हात मोडला तुझा. कसले राहिलेत?"

"मला ते ठेवायचे नाहीत."

मग डबा उतरवून त्यानं स्वतःच तो गाळ वितळवला. जोंधळ्याएवढा मणी निघाला. विकून दोन हजारांना थोडे कमी आले, उरलेले मी घरखर्चातले घातले.

कोळ्यांच्या वस्तीत विचारत विचारत त्याचं घर सापडलं. त्याची बायको दारात मासे साफ करत होती. तिच्या वरच्या दातांतले दोन नव्हते. मी म्हटलं, तुमच्या माणसाचे पैसे द्यायचे होते.

"कशाचे?"

मी मनगट दाखवलं. ती बघत राहिली.

"तो बायकांना हात लावत नाही म्हणायचा," मी म्हणाले.

"बाहेरच्या बायकांना," ती म्हणाली आणि माशाचं डोकं कापून बाजूला टाकलं.

मग घागरीतल्या पाण्यानं तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि नोटा मोजल्या. एकदा, मग परत एकदा. पूर्ण दोन हजार होते.