एकाच चुलीवरचं पथ्य

शिमग्यानंतर एकदा जाळं ओढताना माझी छाती भरून आली आणि डॉक्टरांनी मला बोटीवरून खाली उतरवलं. वजन उतरत नाही तोवर समुद्र बंद, तेल-तूप बंद, मासळीही बंद, नुसती भाजी-भाकरी. थळच्या कोळ्यानं हे ऐकून गप्प घरी यायचं, म्हणजे बघा! बोट धाकट्या भावाकडे गेली. मी किनाऱ्यावर बसून राहिलो आणि जाळी शिवणारे मला "काय भटजी?" अशी हाक मारू लागले.

पथ्याची सुरुवात आम्ही दणक्यात केली. बायको बाजारात मासळी विकून आली की दुधी, पडवळ, वालाचं बिरडं रांधायची. महिन्याभरानं काट्यावर उभा राहिलो, तर वजन उलट वाढलेलं! डॉक्टरांनी विचारलं, "भाजीत काय घालता?"

"तेलाचा थेंब न्हाय," बायको ऐटीत म्हणाली. "नुसता नारल."

प्रत्येक भाजीला अर्धा नारळ. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. आमच्याकडे खोबरं मीठ-पाण्यासारखं, त्यात चरबी असते हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्याच दिवशी तिनं खवणी माळ्यावर टाकली. मग पांढरा कांदा निखाऱ्यावर भाजून त्याचं वाटण, वर दोन आमसुलं. बिरडं असं झकास जमू लागलं की मलाही त्याची गोडी लागली. सकाळी वाळूतून चालायचं, आल्यावर नाचणीची भाकरी. सदरे ढगळ व्हायला लागले.

तीही माझ्यासोबत तेच जेवायची. "तू खा की मासळी," मी म्हणायचो.

"इकून इकून कंटाला आयला मना," ती म्हणायची. "आनि घरान दोन चुली कशाला?"

मला ते खरंच वाटलं. मनातून बरंही वाटलं. पडवळ एकट्याच्याच ताटात असलं की फार केविलवाणं दिसतं.

नारळी पुनवेच्या तोंडावर डॉक्टर म्हणाले, "जा आता बोटीवर." मी त्यांना हात जोडले. खरं तर बायकोलाच जोडायला हवे होते, पण ती तिथल्या तिथे माझ्यावर ओरडली असती. समुद्राला नारळ वाहताना ती हसून म्हणाली, "यंदा घरातला सगला नारल यालाच."

पहिल्या फेरीतून मी एक मोठं पापलेट घरी आणलं. कुणाला हात लावू दिला नाही. तांदळाचं पीठ लावून मीच तव्यावर तळलं, तिच्या ताटात वाढलं आणि माझं बिरडं घेऊन समोर बसलो.

तिनं डोक्यापासून सुरुवात केली ती शेपटीपर्यंत गेली, एकेक काटा चोखून बाजूला ठेवत. ताटात उरलेले काटे इतके स्वच्छ होते की दारातलं मांजरसुद्धा हुंगून निघून गेलं. तेव्हा मला कळलं, तिला मासळीचा कंटाळा कधी आलाच नव्हता.