सुगंधाबाईच्या चुलीची चौकशी

"इथे तर काहीच नाही, मुन्शीजी. रिपोर्ट में क्या लिखूं?" फाइल मिटत पुरवठा इन्स्पेक्टरसाहेबांनी मला विचारले.

आमगावच्या आठवडी बाजाराच्या भिंतीलगत आम्ही उभे होतो. सुगंधाबाई कडुनिंबाला टेकून, मान खाली घालून उभी. राइस मिलमध्ये झाडलोट करणारी ही विधवा त्याच झाडाखाली राहत असे. तिचा रेशनकार्डाचा अर्ज मी लिहिला होता.

मी अर्जनवीस, म्हणजे तहसील ऑफिसबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिणारा. माझे शिक्षण नववीपर्यंत. परंतु माझा मसुदा परत आल्याचे उदाहरण विरळच. घर नसलेल्या बाईस कार्ड कोणत्या आधारे मागावे, यावर मी पुष्कळ विचार केला. एका घरातले दोन भाऊ वेगळे झाले की चूल वेगळी होते, आणि ऑफिस त्यांना दोन कुटुंबे मानते. अर्थात कुटुंब चुलीने ठरते, भिंतींनी नव्हे. मी लिहिले : 'अर्जदार उघड्यावर राहते, तथापि तिची स्वतंत्र चूल आहे. समक्ष खात्री व्हावी.'

आणि समक्ष चूलच नव्हती. राखसुद्धा झाडून टाकलेली.

"सुगंधाबाई, चूल कोठे गेली?"

"कोनती चूल जी? मी इथं कायी पेटवतच नाई."

"अहो, काल येथे भात शिजत होता!"

ती दबल्या आवाजात माझ्यावरच डाफरली, "तुमीच तं सांगून गेले, साहेब येऊन राहिला मनून. आता काऊन फसवता गरिबाले?"

तेव्हा उलगडा झाला. तिच्याकडे आजवर आलेला प्रत्येक साहेब तिला हुसकावण्यासाठीच आला होता. साहेब येणार म्हटले की चूल आधी लपवायची, एवढेच तिला ठाऊक.

साहेबही समजले. झाडाखालच्या ओट्यावर ऐसपैस बसत ते म्हणाले, "बाई, चाय पिये बिना मैं हिलनेवाला नहीं."

तिने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. मग नालीपलीकडच्या पोत्यातून तीन विटा निघाल्या, काटक्या निघाल्या, भात शिजवायचा काळा पडलेला गंज निघाला.

"दूध नाई जी."

"काळा चालेल."

धूर थेट साहेबांच्या तोंडावर गेला. डोळे चोळत ते म्हणाले, "मुन्शीजी, लिहा. चूल आढळली. धुरासहित."

कार्ड मिळाले. आता अर्ज कॉम्प्युटरवर भरतात आणि माझ्या टेबलाशी क्वचितच कोणी थांबते. झाडाखाली बसून चौकशी करणारे ते साहेब मात्र अजून आठवतात.

नव्या अर्जनविसांनी एवढे ध्यानात ठेवावे : साहेब येणार, हे अर्जदारास कळवणे पुरेसे नाही. कशासाठी येणार, तेही कळवावे.