डॉक्टरांचे चौकोनी कंस

किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. आमच्या बाल्कनीत पाण्याच्या रिकाम्या बाटल्या साठतात, तसे ते साठत जातात. दुकानात परत देऊन येऊ, येऊ म्हणता म्हणता एक दिवस बाल्कनीचं दारच उघडेनासं होतं! डॉक्टर वाइडेनकाम्पांच्या किश्श्यांचं माझं तसंच झालंय. म्हणून आज थोडे बाहेर काढते.

मी कार्ल्सरूहेत गाड्यांचे ब्रेक डिझाइन करते. तत्त्वज्ञानाशी माझा संबंध एवढाच, की नवऱ्याशी वाद हरायला लागले की मी तात्त्विक बोलते. डॉक्टर मात्र खरेखुरे तत्त्वज्ञ. शिवाय पंचवीस वर्षं जर्मनीचे डिप्लोमॅट. वय एक्याऐंशी, डोळे जवळजवळ गेलेले, आणि शेवटचं पुस्तक अर्धं राहिलेलं. हिवाळ्यापर्यंत उरलीसुरली नजरही जाणार, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हाताऱ्याने ठरवलं, त्याच्या आत पुस्तक संपवायचं. ठरवलं म्हणजे ठरवलं!

* * *

सुरुवात झाली ती विद्यापीठाच्या कँटीनमधल्या एका नोटिशीने. ‘मातृभाषा मराठी असलेले आणि जर्मन मोठ्याने वाचू शकणारे वाचक हवेत. दर शनिवारी सकाळी दहाला. केक मिळेल.’

आमचा मित्र निखिल तिथे पीएचडी करतो. त्याने फक्त शेवटचं वाक्य वाचलं आणि मला फोन केला. पहिल्या शनिवारी आम्ही दहाला आठ मिनिटं कमी असताना बेल वाजवली. दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, टाय, हातात भलंमोठं भिंग.

"आठ मिनिटं लवकर येणं म्हणजे दुसऱ्याची आठ मिनिटं न विचारता घेणं," म्हणाले, आणि दार लावून घेतलं!

दहाच्या ठोक्याला तेच दार उघडलं. तेच गृहस्थ, चेहराभर हसू. "आपण यावे, बसावे," चक्क मराठीत! तरुणपणी भारतात नेमणूक होती तेव्हा शिकलेले.

केक उत्तम होता. जर्मन पुस्तकाला मराठीच वाचक कशाला, हे निखिलने तोंडात घास असतानाच विचारलं.

"आल्झो, तर मग, ते शेवटच्या प्रकरणात कळेल," म्हणाले.

* * *

आता कंसांबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

दोन देश कराराचा मसुदा करायला बसतात, तेव्हा ज्या शब्दावर एकमत नसतं तो चौकोनी कंसात टाकायचा आणि पुढे जायचं. कंस उरला, तर करार नाही. "कंस घालायला एक माणूस पुरतो," डॉक्टर सांगायचे. "काढायला दोन्ही बाजू टेबलावर लागतात."

ही सवय त्यांच्या हाडीमाशी खिळलेली. फ्रिजवरच्या सामानाच्या यादीतसुद्धा ‘दूध, ब्रेड, [चॉकलेट]’. कारण चॉकलेटला मुलीचा विरोध!

त्यांच्या बिल्डिंगमध्ये जिना झाडायची पाळी असते, केअरवोखं म्हणतात तिला. पाळीत जिन्याच्या खिडक्या येतात की नाही, यावरून शेजारच्या बाईंशी वाद झाला. दोघांनी मिळून लेखी मसुदा केला आणि खालच्या बोर्डावर लावला. शेवटी एकच कंस उरला, ‘[खिडक्यांसह]’. तीन आठवडे ना त्या मागे हटल्या, ना हे.

चौथ्या शनिवारी आम्ही गेलो, तर डॉक्टर स्वतः झाडू घेऊन जिन्यात! निखिल म्हणाला, "हरलात?"

"छे! करार झालेला नाही. पण धुळीला ते कोणी कळवलेलं नाही."

खिडक्यांना मात्र हात लावला नाही.

* * *

निखिलला एकदा राहवलं नाही. "तुम्ही आधी तत्त्वज्ञ की आधी डिप्लोमॅट?"

उत्तरादाखल त्यांनी एका मंत्र्यांची गोष्ट सांगितली. मंत्र्यांना कुठल्याशा समारंभात बोलायचं होतं. हुकूम आला, की भाषण असं लिहा की कोणाला काहीच कळता कामा नये. डॉक्टरांनी रात्रभर जागून तीन पानं लिहिली. सकाळी मंत्र्यांनी बोलावून घेतलं. चेहरा पडलेला.

"वाइडेनकाम्प, दुसऱ्या पानावर एक अर्थ आलाय!"

"तो तत्त्वज्ञ," डॉक्टर आम्हाला म्हणाले. "मग मी तो खोडला. तो डिप्लोमॅट."

* * *

एप्रिलमध्ये साताऱ्याहून माझ्या सासूबाई आल्या, तीन महिन्यांसाठी. जर्मनचा गंध नाही. घरात एकट्या बसून काय करणार, म्हणून शनिवारी त्यांनाही घेऊन गेले. डब्यात थालीपीठं आणि लोणी. त्या दिवसापासून केकला कोणी विचारेना!

दोन तास मी जर्मन वाचत होते, निखिल दुरुस्त्या टाइप करत होता, सासूबाई शांतपणे डॉक्टरांकडे बघत होत्या. निघताना म्हणाल्या, "अहो डॉक्टर, आयुष्यभर एवढा विचार केलात. मग काय ठरलं?"

मला वाटलं, आता धरणी दुभंगली तर बरं. डॉक्टरांनी नेहमीसारखं दारापर्यंत येऊन निरोप दिला. मंगळवारी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना त्यांचा फोन.

"ताईंना सांगा, काही ठरलेलं नाही. पण पहिलं प्रकरण मी आता त्यांच्या प्रश्नाने सुरू करणार आहे."

सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "मला वाटलंच होतं."

* * *

जूनमध्ये त्यांना डोळे तपासायला मी घेऊन गेले. समोर अक्षरांचा तक्ता. पहिल्या दोन ओळी त्यांनी खणखणीत वाचल्या. तिसरीशी अडकले. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वाट बघत होत्या.

"वरच्या दोन ओळींवर आपली सहमती आहे," आमचे डॉक्टर म्हणाले. "खालच्या कंसात टाका."

बाई हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, वाचन आता पूर्ण बंद करा.

"मी वाचतच नाही. माझ्याकडे तीन मराठी माणसं आहेत."

घर आल्यावर म्हणाले, "एकच प्रकरण राहिलंय. या शनिवारी ते घेऊ." मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल फार वाटलं. उतरताना हात दिला, तर तो घेतला नाही. रेलिंगला धरून एकटेच वर गेले.

* * *

शेवटचं प्रकरण चारच पानांचं होतं. मी वाचायला लागले.

डॉक्टर भारतात व्हिसाच्या कामावर होते, चाळीस वर्षांपूर्वी. एका शुक्रवारी खिडकी बंद झाल्यावर चार मिनिटांनी एक गृहस्थ आले. जगन्नाथराव नाव, कराडजवळच्या एका खेड्यातले. त्यांचा मुलगा जर्मनीत शिकत होता, अपघात होऊन हॉस्पिटलमध्ये होता. पासपोर्ट आधीच जमा होता, कागद सगळे बरोबर होते. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि आपल्या नव्या मराठीत म्हणाले, "आज बंद झालं. सोमवारी या."

रविवारी मुलगा गेला.

सोमवारी जगन्नाथराव आले. वेळेवर आले. म्हणाले, "व्हिसा नको. पासपोर्ट तेवढा परत द्या."

प्रकरणाचं शेवटचं वाक्य होतं, ‘त्या शुक्रवारी मी [नियमाप्रमाणे] खिडकी बंद ठेवली.’

सासूबाईंना मी मराठीत सगळं सांगितलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. निखिलने विचारलं, "हा शब्द ठेवायचा की काढायचा?"

"तेच मला चाळीस वर्षं ठरवता आलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "ठेवला तर ती सबब होते. काढला तर चूक कबूल केली म्हणून मीच मला माफ करून मोकळा. म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही त्यांच्या भाषेतले. तुम्ही सांगा."

सासूबाई उसळल्या.

"आम्ही कोण सांगणार? अहो डॉक्टर, तुम्हीच म्हणता ना, कंस काढायला दोन्ही बाजू लागतात? मग त्यांना विचारा!"

"दोन पत्रं लिहिली होती. उत्तर आलं नाही."

"पत्रानं विचारायची गोष्ट आहे का ही? पत्ता द्या इकडे. साताऱ्याहून कराड म्हणजे काय, एस.टी.नं दीड तास!"

डॉक्टरांनी जुनी डायरी काढली. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने पत्ता उतरवून घेतला आणि पर्समध्ये औषधांच्या कप्प्यात ठेवला.

* * *

जुलैत सासूबाई परत गेल्या. ऑगस्टमध्ये प्रकाशकाने निर्वाणीचं कळवलं: शुक्रवारी संध्याकाळपर्यंत शेवटचं प्रकरण आलं नाही, तर पुस्तक पुढच्या वर्षावर जाईल. पुढच्या वर्षी छापील अक्षर डॉक्टरांना दिसणार नव्हतं. निखिल म्हणाला, "शब्द उडवा आणि पाठवून द्या हो!" डॉक्टर म्हणाले, "शुक्रवारची संध्याकाळ अजून झालेली नाही."

शुक्रवारी दुपारी बाराला आम्ही त्यांच्याकडे बसलो होतो. तिकडे साडेतीन. माझ्या मोबाइलवर सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. गेला महिनाभर त्या चौकशा करत होत्या. घर बदललेलं, गावातली माणसं बदललेली, पण बाईंनी पिच्छा सोडला नव्हता.

"सापडले," म्हणाल्या. "इथंच आहेत, शेजारी. तू मराठीत लिहून दिलेलं सगळं वाचून दाखवलंय त्यांना. कंससुद्धा सांगितला."

फोन फिरला. पडवीत खाटेवर एक खूप म्हातारे गृहस्थ, पांढरा सदरा, टोपी. डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले. टाय सारखा केला. मग भिंग घेऊन पार स्क्रीनवर वाकले. त्यांना किती दिसत होतं, देव जाणे.

"नमस्कार," डॉक्टर म्हणाले. "मी वाइडेनकाम्प. तुम्ही सांगाल तसे मी लिहीन."

जगन्नाथरावांनी फोनकडे न बघता सासूबाईंना विचारलं, "आज वार कोणता?"

"शुक्रवार."

"मग आज बंद झालं," जगन्नाथराव म्हणाले. "सोमवारी या म्हणावं त्यांना."

निखिलने टेबलावरच्या लॅपटॉपकडे बघितलं. प्रकाशकाला पाठवायची फाइल उघडीच होती.

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं. पुढे हात करून लॅपटॉप बंद केला. आणि फोनजवळ तोंड नेऊन, एकेक शब्द नीट उच्चारत विचारलं,

"सोमवारी किती वाजता येऊ?"