गिरणी गायब करणारा फोन

"अण्णा, ओरडू नका. नेहमीसारखं बोला. गिरणी बंद आहे असं समजून बोला."

हे ओरडून सांगत होता माझा धाकटा भाऊ, आणि तेही असं की अजिंठ्याच्या स्टँडवर उभी असलेली जळगाव गाडी कंडक्टरनं घंटी द्यायच्या आधीच हलली. आमचे वडील, अण्णा, पिठाच्या गिरणीत पट्ट्याशेजारी उभे होते. त्यांच्या कानाला भावाचा निळा फोन. मी दोनशे पावलं लांब लिंबाखाली, किराणा दुकानदाराचा फोन उसना घेऊन तो कानाला लावलेला. भाऊ मध्ये रस्त्यावर, दोन्हीकडं हातवारे करत. गिरणीच्या दारात भाजणीचे आणि हरभऱ्याच्या डाळीचे डबे घेऊन बारा-पंधरा बाया रांगेत. दिवाळी चार दिवसांवर होती, आणि त्या बाया आमच्या पंच होत्या.

निळ्या फोनातून मला जे ऐकू आलं त्यात शब्द चार होते आणि गिरणी चारशे.

आमची गिरणी साधी नव्हे. लेणी गावापासून चांगली लांब आहेत, तरी अण्णांनी सकाळी मोटर चालू केली की तिथली वटवाघळं दिवसाढवळ्या उठून फर्दापूरकडं निघून जायची, अशी माझी लहानपणापासूनची माहिती आहे. आम्ही दोघं भाऊ आयुष्यभर मोठ्यानं बोलतो ते तिच्यामुळंच.

मग पाळी माझ्या काळ्या फोनची. अण्णांच्या हातात देण्याआधी मी त्यातलं एक बटण चालू केलं. बोलणाऱ्याचा आवाज तेवढा ठेवायचा आणि मागचं सगळं पुसून टाकायचं, हे त्या बटणाचं काम. लिंबाखाली परत आलो, फोन कानाला लावला, आणि अण्णा माझ्याच खाटेवर बसून बोलतायत असं वाटलं.

"बायांचं दळण खोळंबलंय. तुमचा खेळ झाला का?"

पट्टा नाही, मोटर नाही, बायांचा कलकलाट नाही. नुसते अण्णा. मी पळत गिरणीपाशी आलो आणि जाहीर केलं, "गिरणी गायब."

"गायब कशी?" डबा मांडीवर घेऊन बसलेली एक म्हातारी म्हणाली. "ही काय बोंबलतीय."

पण निकाल लागला होता. भावाचं तोंड एवढंसं झालं.

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. मी संभाजीनगरात सिडकोत राहतो आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तयार माल तपासायचं काम करतो. भाऊ वाळूजला, दुसऱ्या कारखान्यात. त्या वर्षी आम्ही दोघांनी महिन्याभराच्या अंतरानं आपापल्या आवडत्या फोन कंपनीचा सगळ्यात वरचा फोन घेतला, आणि घरात दोन पक्ष झाले. कंपन्यांची नावं मी घेत नाही, कारण दोन्हीकडची माणसं हे वाचतील. माझा काळा, त्याचा निळा, एवढं पुरे.

दर रविवारी टीव्ही सेंटर चौकातल्या चहाच्या टपरीवर आमची सुनावणी भरायची. त्यानं दौलताबादच्या किल्ल्याचा फोटो दाखवून सांगावं, की हा सिडकोतल्या गच्चीवरून काढलाय आणि मोठा केला तर तोफेवर बसलेल्या माकडाच्या उवा दिसतात. मी सांगावं, की माझा एकदा चार्ज केला तर पगार होईस्तोवर चालतो. त्यानं दोन्ही फोनवर एकच गेम लावावा, कोणता आधी गरम होतो ते बघायला. मी घरून सासऱ्यांचं ताप बघायचं यंत्र आणून फोनांना लावावं. स्क्रीन कोणाची उजळ, हे ठरवायला आम्ही भर उन्हात, भर मे महिन्यात, दोन्ही फोन डोक्यावर धरून उभे राहिलो होतो. चहावाल्यानं शेवटी विचारलं, "भाईजान, आप लोग फोन करते कब हैं?"

फोन आम्ही रोज करायचो. संध्याकाळी सातला, गिरणी बंद झाली की, अण्णांना. आधी मी, मग तो.

त्याचं कारण अण्णांची छाती. तीस वर्षांचं पीठ आणि गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावताना उडालेली धूळ तिथं जाऊन बसली होती. शहरातल्या छातीच्या डॉक्टरनं फोटो काढला, गोळ्या दिल्या, गिरणी बंद करा म्हणाला. अण्णा म्हणाले, "बघू." दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर चालू.

डॉक्टरनं मग आम्हा दोघांना बाजूला घेतलं. "ते स्वतः काही सांगणार नाहीत," तो म्हणाला. "तुम्ही खोकल्यावर कान ठेवा. आत्ता आहे तेवढा राहिला तर गोळ्यांवर भागेल. वाढला, की वाट बघू नका. त्याच दिवशी घेऊन या. उशीर झाला तर माझ्या हातात काही नाही."

डॉक्टरनं माणूस बरोबर ओळखला होता. अण्णांना कसं आहे विचारलं, की "बरंय." पायावर वीस किलोचा दगड पडला होता तेव्हाही "बरंय" म्हणाले होते आणि दगडाची चौकशी केली होती. म्हणून आम्ही ख्यालीखुशाली विचारायचं सोडून दिलं. गव्हाबिव्हाचं काहीतरी विचारायचं, त्यांना बोलतं ठेवायचं आणि खोकले मोजायचे. मग आम्ही एकमेकांना फोन करायचो.

"किती?"

"अकरा."

"माझ्याकडं चौदा. तुझा फोन कमी ऐकतो."

तिथंही आम्ही तुलना सोडली नव्हती. पण मोजत होतो, हे खरं. घरात अण्णांचा एकच फोन होता, साधा, बटणांचा. आई त्याच्यावरूनच आमच्याशी बोलायची. दसऱ्यानंतर तो अण्णांच्या खिशातून निसटून गिरणीच्या वरच्या तोंडात पडला आणि बाजरीबरोबर दळून निघाला. त्या दिवशी ज्यांनी पीठ नेलं, त्यांच्या भाकरीला अजून रेंज येते म्हणतात.

तर अण्णांना फोन द्यायचा होता. साधा दुसरा घेतला असता तर भागलं असतं. पण आम्ही दोघंही अडून बसलो, की माझाच द्यायचा. कोणाचा, हे ठरवायला ती गिरणीची परीक्षा. मी जिंकलो आणि माझा काळा फोन अण्णांच्या खिशात गेला. मी स्वतः तडे गेलेल्या जुन्या फोनवर आलो. याला त्याग म्हणू नका. जिंकल्याची ढाल गावात कायमची टांगलेली राहावी, एवढाच हेतू होता. ते बटण चालूच राहिलं. बंद करायचं कारण नव्हतं, उलट ते माझं बक्षीस होतं.

दिवाळी झाली, आम्ही शहरात परतलो. पहिल्याच संध्याकाळी मी भावाला विचारलं, "किती?"

"दोन. तुझ्याकडं?"

"एक. तोही घसा खाकरल्यासारखा."

दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी शून्य. डॉक्टरनं दिवाळीआधी गोळी बदलली होती, तिला गुण आला असं आम्ही ठरवलं. मी अण्णांना नाकाला बांधायचं फडकं नेऊन दिलं होतं, थोडं श्रेय त्यालाही दिलं. आवाज मात्र अधूनमधून तुटायचा. "आज मका…" आणि मग काहीच नाही, दोन-तीन सेकंद विहिरीसारखी शांतता, आणि मग "…लई आला." आम्ही टॉवरला शिव्या घातल्या. भाऊ तर म्हणाला, "माझा दिला असता तर रेंज तुटली नसती." मी म्हणालो, "तुझा दिला असता तर नुसती गिरणी ऐकत बसला असतास."

शेवटी आईला फोन द्यायला लावायचो. "आई, अण्णांचा खोकला आज लई कमी आहे."

"कमी आहे?"

"लई कमी. गोळ्या चालू ठेव फक्त."

"बरं," ती म्हणायची.

व्हिडिओवरही बोलायचो. पण अण्णा व्हिडिओतही फोन कानालाच लावायचे. सबंध हिवाळा आम्ही अण्णांचा कान बघितला. कॅमेरा असा, की त्या कानातला केस न् केस आणि त्यावर बसलेला पिठाचा कण न् कण दिसावा. रंगही गुलाबी, तरतरीत. मी तो कान कारखान्यात चारचौघांना दाखवला. "बघा, अजिंठ्याहून, पुढच्या कॅमेऱ्यातून."

जायचं राहत गेलं. त्याला ओव्हरटाइम, मला ऑडिट. रोज तर बोलतोय, आणि कमी आहे.

संक्रांत होऊन गेल्यावर भावाला सिल्लोडला कोणाच्या तरी लग्नाला जायचं होतं, तिथून तो पुढं घरी गेला. मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडत होतो तेव्हा त्याचा फोन आला, त्याच्या निळ्यावरून. मागं खडखडाट, पट्टा सैल झाल्यावर येतो तसा, थांबून थांबून.

"दादा, गाडी कर आणि ये."

"काय झालं? मला नीट ऐकू येईना. गिरणी बंद करायला सांग आधी."

"गिरणी बंदच आहे."

"मग मागं काय वाजतंय?"

ते वाजत राहिलं.

"अण्णा आहेत," तो म्हणाला.

मी गोष्टी वाढवून सांगतो हे घरात आणि कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. इथून पुढचं मी होतं तेवढंच सांगतो.

अण्णा खाटेवर नव्हते, जमिनीवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, कारण आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. सदरा खांद्यांवरून खाली लोंबत होता. मला बघून म्हणाले, "बरंय," आणि त्या एका शब्दासाठी त्यांना दोनदा थांबावं लागलं. गाडीत ते फुलंब्रीपर्यंत खोकले आणि फुलंब्रीच्या पुढं खोकायची ताकद राहिली नाही.

डॉक्टरनं विचारलं, "असा खोकला कधीपासून?"

"परवापर्यंत नव्हता," मी म्हणालो. मी माल तपासणारा माणूस, माझ्याकडं रोजचे आकडे होते. भावानंही मान डोलावली. आई दाराशी उभी होती, तिनं आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

डॉक्टरनं छातीचा नवा फोटो उजेडात धरला, जुना त्याच्या शेजारी धरला. "हे परवाचं नाही," तो म्हणाला. "हे निदान दोन महिन्यांचं आहे. मी सांगितलं होतं तुम्हाला, कान ठेवा म्हणून."

"ठेवला होता, साहेब," भाऊ म्हणाला. "रोज."

आठव्या दिवशी सकाळी अण्णा गेले.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. काळा फोन देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यात पडून होता, चार्ज अजून अर्धा शिल्लक. मी तो उचलला आणि भावाला म्हणालो, चल. गिरणी बंद, पट्टा उतरवून ठेवलेला, जमिनीवर पीठ तसंच. मी आत थांबलो, अण्णा उभे राहायचे तिथं. तो लिंबाखाली गेला. मी काळ्यावरून त्याला फोन लावला आणि खोकलो. आधी बळंच, मग पिठामुळं खराच. पोटातून, वाकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर खोकलो. मग फोन तोंडाशी धरून विचारलं, "किती?"

"कशाचे किती? सुरू कर ना," तो म्हणाला. "रेंज तुटतीय तुझी."

मी फोन हातात तसाच धरून बाहेर आलो. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि कानाचा फोन खाली घेतला. फोन चालूच होता, दोघांच्याही हातात.

आम्ही घरी आलो. आई ओसरीवर सुपात गहू निवडत होती. दळायला आता दुसरीकडं पाठवावा लागणार होता. भाऊ पायरीवर बसला. मी उभाच राहिलो. सगळा दोष एका बटणावर टाकता आला असता, पण घरात माणूसही होतं, आणि तो दोष मला तेव्हा कुणावर तरी टाकायचाच होता. म्हणून मी तिला विचारलं, की दोन महिने ते असे खोकत होते, तू आम्हाला एकदाही का सांगितलं नाहीस?

तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"तुमच्याशी बोलतानाच तर खोकायचे रोज," ती म्हणाली. "तुम्ही म्हणायचे, आज लई कमी आहे. मला वाटलं, यालाच कमी म्हणत असतील."