डाव्या अंगाची चूड

सहदेव कुबल मला भेटला तो १९९८च्या नेत्रशिबिरात. मालवणच्या बाजारात माझं चष्म्याचं दुकान, म्हणून शिबिराचे फॉर्म भरायची हमाली दरवर्षी माझ्याच गळ्यात. मी विचारलं, "रात्री दिसतं का?"

"दिसता तर! रोज दिसता, भाई."

मी 'होय' लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली. शुद्ध गाढवपणा केला. सहदेव नजरेबद्दल बोलतच नव्हता.

त्याला दिसायची ती चूड, म्हणजे झावळ्यांची मशाल. तिन्हीसांज झाली की त्याच्या डाव्या अंगाला, नजरेच्या अगदी कडेला ती लुकलुकायची आणि मान वळवली की तेवढीच पुढे सरकायची. गावाची शीव राखणारा देवचार अंधार पडल्यावर चूड घेऊन फिरतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सहदेवच्या आजोबांना ती दिसे, बापालाही दिसे. घरातल्या ज्याला दिसेल त्याने वर्षातून एकदा शिवेवर राखण द्यायची, कोंबडा नि भाकरी ठेवून यायची, हा त्या घराचा मान. आजोबा आणि बाप दोघेही पन्नाशीत ठार आंधळे झाले. देवचाराने त्यांना जवळ घेतलं, असं घरचे सांगत, आणि तेही छाती फुगवून. मला त्या अभिमानाचीच जास्त भीती वाटायची.

सहदेव रापणीवरचा माणूस. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं. पाण्याचा रंग बघून मासळी कुठे आहे ते सांगायचं काम त्याचं. पुढे पुढे लांबची मासळी त्याला बिनचूक दिसे, पण पायाजवळच्या दोराला अडखळून तो वाळूत पडे. दारूचा थेंब न घेणारा माणूस, आणि लोक म्हणायचे, सकाळीच लावून आलाय.

२००६ साली मी त्याला अक्षरशः ओढत मुंबईला नेलं. सोबत त्याची एकुलती एक मुलगी जान्हवी होती, एकोणीस वर्षांची. तिथल्या डॉक्टर शर्मिष्ठाबाईंनी तपासून शांतपणे समजावलं. डोळ्याच्या पडद्यात उजेड टिपणारं एक प्रथिन असतं, ऱ्होडॉप्सिन. तीनशे अठ्ठेचाळीस मण्यांची, म्हणजे अमिनो आम्लांची माळ, पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार ओवलेली. तिच्या पोटात 'अ' जीवनसत्त्वापासून झालेला एक वाकडा कण. उजेड पडला की तो सरळ होतो, माळेचा आकार बदलतो आणि मेंदूला खबर जाते.

"तुमच्या घराण्यात एखादा मणी चुकीचा आला असावा," त्या म्हणाल्या. "मग माळ नीट घडी घेत नाही, पेशीत तुंबते आणि पेशी मरतात. आधी रात्रीची नजर जाते, मग कडेची. मरणाऱ्या पेशी उगाच चमकतात. तुमची चूड तीच."

"औषध?"

"आज तरी नाही."

सहदेवने जान्हवीला पुढे ओढलं. मग विचारलं, "आणि माझ्या चेडवाक?"

"तुमच्या प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता."

जान्हवीला बाराव्या वर्षापासून चूड दिसत होती. उजव्या अंगाला. तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बापाने वाडीभर साखर वाटली होती. आता त्याने तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. मी त्याला घाबरलेला पहिल्यांदाच पाहिला. दोघांचं रक्त घेतलं, जान्हवीचे डोळे यंत्रावर तपासले आणि आम्ही परतलो. सगळे निकाल एकदमच कळवू, असं शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. त्या वर्षी राखण द्यायला कोणी गेलं नाही.

दहा महिन्यांनी पाकीट दुकानाच्या पत्त्यावर आलं. मी उभ्याउभ्याच वाचलं. सहदेवच्या ऱ्होडॉप्सिनमध्ये चूक सापडली होती. जान्हवीच्या नव्हती. तिचा पडदा निरोगी, डोळ्यांत कसलाही दोष नाही. भर दुपारी दुकान बंद करून मी रिक्षाने त्यांच्या घरी गेलो.

सहदेवला तोवर समोरच्या ताटाएवढंच दिसत होतं. मी वाचून दाखवलं तसा तो ओटीवर बसल्या बसल्या हमसाहमशी रडला. "सुटला गो माझा चेडू! सुटला!" मलाही भरून आलं, लपवत नाही.

जान्हवी मात्र हसली नाही. तिने कागद माझ्याकडून घेतला, दोनदा वाचला आणि विचारलं, "भाई, डोळ्यांत काय नाय तर मगे माका दिसता ता काय?"

मी चष्मे विकणारा माणूस. कागद परत घेऊन पाठपोट पाहिला, पुढे काही लिहिलेलं नव्हतं.

सहदेवचं रडणं थांबलं. "आता दिसता?" त्याने विचारलं.

"होय."

"खंय?"

"उजवेकडे. दारात." तिने मान वळवली नव्हती. तिन्हीसांजेला अजून अवकाश होता, बाहेर लख्ख ऊन होतं आणि दारात मला काहीच दिसत नव्हतं.

सहदेव उठला. भिंत चाचपडत तो पोरीच्या उजव्या अंगाला गेला आणि तिच्या व दाराच्या मध्ये, "राखण माझी चुकली, तिची नाय," म्हणत दाराकडे तोंड करून बसला.