बोरेदा बंगल्यावरची मावशी

“आयकू नाई आलं, बाबू!” असं म्हणून मावशी उजवा तळहात कानामागे धरायची आणि तुमच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. तुम्ही नीट उत्तर देईपर्यंत ती हलत नसे. हातात झाडू असो की औषधाचा ट्रे.

वणीजवळच्या एका कोळशाच्या खाणीच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि ती आया. मी दारव्ह्याकडच्या शेतकऱ्याघरचा, ती मुकुटबनकडची. छप्पन साली ती घरच्यांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. पूर्वीचा जोहार तिने तिकडेच सोडला, आणि आल्यापासून भेटेल त्याला आधी आपण खणखणीत आवाजात “जय भीम” घालायची. कोणी पुटपुटलं, मान हलवली की तो तळहात कानामागे जायचा. आमचे बडेबाबू, म्हणजे खाणीच्या कचेरीतले हेडक्लार्क, उत्तरादाखल नुसते खोकत. मग मावशी आख्ख्या कचेरीला ऐकू जाईल असं विचारी, “खोकला हाये का बडेबाबू? कंपाउंडरच्या हातून औषध पाठवू?”

अशी एखादी बाई तुमच्याही कचेरीत असेल. ती दारात दिसली की माणसं एकदम कामात बुडाल्यासारखी दिसतात.

खाणीचा मॅनेजर गोरा होता, पण इंग्रज म्हटलेलं त्याला खपत नसे. तो वेल्सचा. वेल्स हा विलायतेतलाच कोळशाचा मुलूख, पण तिथली बोली निराळी, हे आम्हाला त्याच्याकडूनच कळलं. रोज सकाळी खाणीकडे निघाला की तो भेटेल त्याला हात उंचावून “बोरे दा!” म्हणायचा. शुभ सकाळ. ऐन बोरांच्या दिवसांत फाटकाशी टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला वाटलं, साहेबाच्या जिभेला ‘द्या’ जमत नाही, तो बोरं मागतोय. तिने ओंजळभर बोरं त्याच्या हॅटमध्ये घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा “बोरे दा”, पुन्हा बोरं. साहेबालाही ती आवडली असावीत, कारण त्याने खुलासा केला नाही. त्याचं नाव पडलं बोरेदा साहेब, आणि बंगल्याचं बोरेदा बंगला.

त्या हिवाळ्यात साहेबाची म्हातारी आई त्याच्याकडे राहायला आली आणि महिन्याभरातच तिला अर्धांग झालं. उजवी बाजू गेली. त्याहून विचित्र म्हणजे तिचं इंग्रजी गेलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. मागून शिकलेली भाषा पुसली जाते, आईच्या दुधाबरोबर आलेली तेवढी उरते. म्हातारीला आता फक्त वेल्श येत होतं, आणि ते समजणारा माणूस सबंध जिल्ह्यात एकच, तो दिवसभर खाणीत. तिच्याजवळ बसायला दवाखान्यातून मावशीला पाठवलं.

मावशी हौसेने गेली. दोन दिवसांनी परत आली ती दवाखान्याच्या पायरीवर बादली आपटतच.

“मी उद्यापासून जात नाई.”

“का गं मावशी?”

“काहून जाऊ? बुढी मले दूर दूर म्हनते. जवय गेली की दूर. पदर सावरून मांगं सरकली, तरी दूर. दारात जाऊन बसली, तर रडाले लागली, पुन्हा दूर!”

मी म्हणालो, “अगं, तिला मराठी कुठे येतं?”

“हा एक शब्द साऱ्या मुलखाले येते, कंपाउंडर.” तिचा आवाज खाली आला होता, आणि तिचा आवाज खाली आलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. “गावच्या विहिरीवर आयकला, शायेच्या दारात आयकला. वाटलं, आता नाई आयकाव लागत. तर हे सातासमुद्रापल्याडून आली मले दूर म्हनाले.”

मी बाटल्या पुसत राहिलो.

सकाळी पाहतो तर ती बंगल्याकडे निघालेली. केस चापून बसवलेले, लुगडं धुतलेलं. “चाल माह्यासंगं,” ती म्हणाली. “आज मी तिच्या पलंगावरच बसतो. पाहू कशी दूर करते.”

म्हातारीचं औषध द्यायचंच होतं, मी गेलो. मावशी थेट खोलीत शिरली, पलंगाच्या कडेवर ऐसपैस बसली आणि म्हातारीचा हात आपल्या हातात घट्ट धरला. “जय भीम, बुढे!”

म्हातारीचे ओठ हलले. “दूर.”

“नाई होत दूर!”

“दूर... दूर...”

“मी म्हटलं ना, नाई होत! तुह्या पोराले बलाव, पोलिसाले बलाव. मी इथंच बसतो.”

म्हातारीचे डोळे भरून आले. तिने हात सोडवून घेतला नाही. उलट मावशीची बोटं दाबली आणि नजर पलीकडे नेली. मावशी काही बोलायला गेली आणि थांबली. तिने म्हातारीचे ओठ पाहिले. ते सुकून फुटले होते. मग तिने ती नजर कुठे जाते ते पाहिलं. टेबलावर काचेचा तांब्या होता.

मावशी उठली. पेला भरला. म्हातारीसमोर धरून हळूच म्हणाली, “हे?”

“दूर,” म्हातारी म्हणाली.

मावशीने तिच्या मानेखाली हात घातला आणि तिला पाणी पाजलं. म्हातारीने पेला संपवला, दुसराही संपवला. मावशी पहिल्यांदा हसली, पदर तोंडात कोंबून, खांदे गदगदवत. “दूर म्हंजे पानी! काय बोली हाये ह्या लोकायची!” मग ती मागच्या नळावर गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली.

संध्याकाळी साहेब खाणीतून आला, काळ्या तोंडाचा, तशी ही त्याच्या वाटेत उभी. “साहेब, मले तुमच्या मायची बोली शिकवा.” मी इंग्रजीत सगळं सांगितलं, दूरचं प्रकरणही. साहेब ऐकता ऐकता खाली बसला. आईने दोन दिवस पाणी मागितलं, आणि मागेल तसं माणूस लांब लांब जात राहिलं, हे त्याला बराच वेळ गिळता येईना.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी ओसरीवर शाळा भरू लागली. साहेब मास्तर, मावशी विद्यार्थिनी, मी दुभाषा.

बोरे दा तिला येतच होतं. रात्रीचा निरोप नोस दा, तोही जमला. “कसं काय?” या अर्थी त्यांच्याकडे “शूमाय” म्हणतात. ते ऐकून ती खूश झाली. “माय यांच्यातबी हाये की!” आभार मानायचा शब्द मात्र घशात अडकला: दीओल्ख. शेवटचा ख गळ्याच्या तळातून खरवडून काढायचा. मावशीने चार-पाचदा खरवडला आणि म्हणाली, “हे तर आपले बडेबाबू रोजच म्हनते. मी उगाच खोकला समजत होती.”

खरी लढाई झाली ती त्यांच्या जोड-ल शी. म्हातारीच्या गावाचं नावच त्या अक्षराने सुरू होई. जीभ ल म्हणायला टेकवायची, आणि ल न म्हणता दोन्ही बाजूंनी नुसती हवा सोडायची. साहेब हिंदीत समजावी, “ज़बान इधर बैठेगा, हवा उधर जाएगा.” मी हवा सोडायला गेलो, तर थुंकी साहेबाच्या बुटावर पडली. मावशी फिसकन हसली.

“तुह्यानं नाई होत, कंपाउंडर. तू ळवाला.” आमच्याकडे वऱ्हाडात पुष्कळ लोक डोळ्याला डोया म्हणतात, मावशीही म्हणे. शाळेत मी ळ शिकलो याचा तिच्याशी बोलताना मला जरा तोरा असे, आणि तो तिच्या ध्यानात होता. “तुम्ही ळ म्हनता, आमी य म्हनतो, अन् हे बिचारे नुसती हवा सोडते.”

ती मात्र ध्यास घेऊन बसली. झाडताना हवा, बँडेज गुंडाळताना हवा. दवाखान्यातलं मांजर त्या आवाजाने पळून गेलं. एका सकाळी तिने म्हातारीपुढे उभं राहून ते गावाचं नाव घेतलं. म्हातारीने डोळे मोठे केले. मग डाव्या हाताने तिला जवळ ओढलं आणि सांगू लागली, भराभर, न थांबता. मावशीला त्यातलं एक अक्षर समजत नव्हतं. ती “दा याउन, दा याउन” म्हणत मान डोलवत राहिली. म्हणजे, फार छान, फार छान.

म्हातारीही काही कमी नव्हती. तिला तो पाण्याचा घोटाळा पोराने सांगितला असावा. त्यानंतर तहान लागली की ती जरबेने “दूर!” म्हणे, आणि मावशी दचकल्याचं सोंग करून दारापर्यंत उडी मारी. तिथून पेला घेऊन परत. दोघी हसत. म्हातारीचा अर्धाच चेहरा हसे, पण तेवढा पुरे होता.

बडेबाबूंना या शाळेची कुणकुण लागली. साहेबाच्या आईला तिच्या भाषेत नमस्कार करावा, साहेबाच्या नजरेत भरावं, असं त्यांच्या मनात आलं. मला विचारणं कमीपणाचं वाटलं असेल. त्यांनी एका बाजूला घेऊन मावशीला विचारलं. तिने गंभीर चेहऱ्याने त्यांच्याकडून एक शब्द घोटून घेतला.

रविवारी सकाळी नऊ वाजता बडेबाबू कोट घालून, पेरूंची टोपली घेऊन बंगल्यावर आले. साहेब तिथेच होता. बडेबाबू पलंगाशी वाकले, हात जोडले आणि पुटपुटले, “नोस दा, मॅडम.”

म्हातारीने डावा हात उचलला आणि कानामागे धरला. ते कोणाकडून शिकली, सांगायला नको.

“नोस दा!” बडेबाबू मोठ्याने म्हणाले.

म्हातारी क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली. मग आज्ञाधारक मुलीसारखी तिने पांघरूण वर ओढलं, भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. घोरूही लागली. साहेब खिडकीत जाऊन उभा राहिला. त्याची पाठ हलत होती. बडेबाबू पेरूंकडे बघत, मेमसाहेबांना विश्रांतीची गरज आहे, असं म्हणून निघाले. दारात मावशी उभी होती. “जय भीम, बडेबाबू.”

ते थांबले. त्यांना काहीतरी उमगत होतं, पण नक्की काय ते कळत नव्हतं. “जय भीम,” त्यांच्या तोंडून निघून गेलं. खोकला न येता, पहिल्यांदाच.

होळीनंतर डॉक्टरांनी म्हातारीला प्रवासाची परवानगी दिली. साहेबाने नोकरी सोडली आणि आईला घेऊन गावी जायचं ठरवलं. निघायच्या सकाळी मावशीने म्हातारीची वेणी घातली, आपल्यासारखी चापून, आणि जीपमध्ये तिच्या पाठीशी उशा रचल्या. साहेबाने हात जोडले. म्हातारीने मावशीच्या गालावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला.

पुढे मावशी आर्णीला लेकीकडे राहायला गेली. मला दुसरीकडे नोकरी लागली, आणि आमची भेट झाली नाही. आता ती नसेलच. पण मला आठवते ती त्याच दिवशीची दुपार.

दवाखान्याची भांडी आणायला मी बंगल्यावर गेलो, तर मागच्या ओसरीत साहेबाच्या वेताच्या आरामखुर्चीत मावशी बसलेली. पाय लांब केलेले, पदर खांद्यावर, डोळे मिटलेले.

“काय करून राह्यली, मावशी?”

“बसून राह्यली.”

इतक्यात बडेबाबू बंगल्याला कुलपं लावायला आले. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मावशीने डोळे उघडले नाहीत. आता हे काय बोलतात, असं मला झालं.

“मागचं दार उद्या लावतो,” बडेबाबू मला म्हणाले, अगदी हळू, आणि जुडगा मुठीत दाबून पुढच्या बाजूला निघून गेले.

स्वयंपाकघरात स्टोव्ह अजून होता. “चहा ठेवू?” मी विचारलं.

“ठेव,” मावशी डोळे मिटूनच म्हणाली. “साखर जरा जास्त टाक.”